पिकअप गाडीची मागची बाजू उंच करावयाची आहे? आधी मोजा, मग पाटे वाढवा

दिवाळीनंतर पाथरी-मानवत रस्त्यावर सायंकाळी उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. कट्ट्यांनी भरलेली पिकअप गाडी येते. तिची मागची बाजू चाकांवर टेकल्यासारखी खाली गेलेली असते आणि पुढच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरच्या बैलगाडीवाल्याच्या डोळ्यांवर पडतो. पुढच्या आठवड्यात त्या गाडीचा मालक पाटेवाल्याकडे जातो आणि सांगतो, "मागून दोन इंच उचलून द्या." काम काही तासांत होते. गाडी उंच दिसू लागते आणि आता ती जास्त माल पेलेल, असे मालकाला वाटू लागते. खरा धोका येथूनच सुरू होतो.

गेल्या दोन दशकांत लहान मालवाहू गाड्या शेतीच्या कामात मोठ्या प्रमाणावर आल्या. २००५ साली टाटा एस ही गाडी बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' या नावाने खेड्यापाड्यांत ओळखली जाऊ लागली. त्याहून मोठ्या पिकअप गाड्याही आता गावोगाव दिसतात. ढालेगाव व मुद्गल बंधाऱ्यांच्या गोदाकाठच्या पट्ट्यात उसाचे बेणे, इतरत्र कापूस, सोयाबीन, भाजीपाला, खते, जनावरांचा चारा, आणि टंचाईच्या वर्षी पाण्याची टाकी अशी सर्व प्रकारची वाहतूक या गाड्या करतात. त्यामुळे गाडीची मागची बाजू बसणे ही नेहमीची तक्रार झाली आहे. या तक्रारीवर कोणते उपाय आहेत, त्यांपैकी कोणता कोणी निवडावा आणि कोणता टाळावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. गाडीची उंची वाढवणे आणि गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढवणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पाटे वाढवले तरी ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चॅसी तीच राहते. पूर्वी गाडी बसून जास्त भाराची सूचना देत होती. उंच केल्यावर ती सूचना देणे बंद होते, भार मात्र तेवढाच राहतो.

१. उंच कशासाठी करावयाची आहे?

पाटेवाल्याकडे जाण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. साधारणपणे चार कारणे आढळतात.

अ) गाडी रिकामी असतानाही मागून बसलेली आहे.
आ) रिकामी गाडी ठीक उभी राहते, परंतु नियमानुसार भार भरला की फार बसते.
इ) क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यावर बसते.
ई) पावसाळ्यात पांदण रस्त्याने जाताना खालचा भाग चिखलाला घासतो.

यांपैकी पहिल्या दोन कारणांवर पाट्यांचे काम करून उपाय होतो. तिसऱ्या कारणावर पाटे हा उपाय नाही. चौथ्या कारणाबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो, म्हणून त्याचा विचार आधी करू.

काळ्या भारी जमिनीतील पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला भाग उंच राहतो. पिकअपची चाके चाकोरीत उतरली की मागच्या ॲक्सलचा मधला गोळा त्या उंचवट्याला घासतो. हा गोळा गाडीच्या मागील बाजूचा सर्वांत खालचा भाग असतो. पाटे हे ॲक्सल आणि चॅसी यांच्या मध्ये असतात. त्यामुळे पाटे वाढवले, ठोकळे घातले किंवा कमान वाढवली तरी फक्त चॅसी आणि हौदा वर जातो. गोळा जमिनीपासून जेवढा उंच होता तेवढाच राहतो. त्याची उंची केवळ टायरच्या आकारावर ठरते. म्हणून चिखलासाठी पाटे वाढवण्यावर खर्च करू नये. चांगल्या खाचांचे टायर वापरावेत, चाकोरी सोडून एक चाक उंचवट्यावर ठेवून गाडी चालवावी आणि शक्य असेल तेथे शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून पांदणीवर मुरूम टाकावा. मोठ्या मापाचे टायर बसवल्यास ते मडगार्डला घासतात, वेगदर्शक काटा चुकीचा वेग दाखवतो आणि ब्रेकवर जादा ताण येतो. म्हणून उत्पादकाने मान्य केलेल्या मापाबाहेर जाऊ नये.

२. मागची बाजू कशावर तोललेली असते?

बहुतेक पिकअप गाड्यांना मागे दोन्ही बाजूंस पाट्यांचा एकेक संच असतो. संचातील सर्वांत वरचा लांब पाटा म्हणजे मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा चॅसीला पक्का बसवलेला असतो, तर मागचा डोळा शॅकलला जोडलेला असतो. भार आल्यावर पाटा सरळ होऊन लांबतो. त्या लांबीला जागा मिळावी म्हणून शॅकल हलती ठेवलेली असते. सर्व पाटे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात आणि यू-बोल्टने ॲक्सलवर आवळलेले असतात. काही गाड्यांत सर्वांत खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. तो रिकाम्या गाडीत काम करीत नाही. भार वाढल्यावरच वरच्या पाट्यांना टेकून मदत करतो. त्याला हेल्पर पाटा म्हणतात.

पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीवर फार अवलंबून असतो. जाडी दुप्पट केली तर पाटा दुप्पट नव्हे, तर आठपट ताठ होतो. ६ मि.मी. ऐवजी ८ मि.मी. जाडीचा पाटा घेतला तर तो जवळजवळ २.४ पट ताठ असतो. म्हणून "थोडा जाड पाटा टाका" ही सूचना वाटते तेवढी साधी नाही.

पाट्याची कमान आणि पाट्याचा ताठपणा यांतही फरक आहे. कमान वाढवली की गाडी उंच उभी राहते. परंतु तेवढ्याच भारावर ती पूर्वीइतकीच खाली जाते. ताठपणा वाढवला तर ती कमी बसते, पण रिकामी असताना जास्त आदळते.

३. मोजमाप कसे घ्यावे?

गाडी सपाट फरशीवर किंवा काँक्रिटवर उभी करावी. चारही टायरमध्ये दरवाज्याजवळील पट्टीवर लिहिल्याप्रमाणे हवा भरावी. मागच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी बसल्यासारखी दिसते आणि पाट्यांना विनाकारण दोष दिला जातो. नंतर पुढीलप्रमाणे मोजमाप घेऊन वहीत लिहून ठेवावे.

१) मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर हौद्याच्या किंवा मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर, डावीकडे व उजवीकडे. यात टायरच्या हवेमुळे फरक पडत नाही.
२) ॲक्सल व त्याच्यावरील रबरी ठोकर यांच्यातील मोकळी जागा.
३) हीच दोन्ही मापे पूर्ण मान्य भार भरल्यावर.
४) बाजार समितीजवळील किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावर संपूर्ण गाडीचे वजन. शक्य असल्यास फक्त मागची चाके काट्यावर घेऊन मागच्या ॲक्सलवरील वजन.

त्याच बनावटीच्या, पाट्यांना हात न लावलेल्या नव्या गाडीची पहिली दोन मापे घेऊन तुलना करावी. आपली रिकामी गाडी नव्या गाडीपेक्षा स्पष्टपणे खाली असेल तर पाटे थकले आहेत असे समजावे. मान्य भारावरच ॲक्सल रबरी ठोकरीला टेकत असेल तरीही पाटे कमकुवत आहेत. डाव्या-उजव्या बाजूत फरक असल्यास एका बाजूचा पाटा तुटला आहे का, सेंटर बोल्ट तुटला आहे का, शॅकलचे बुश झिजले आहेत का, हे आधी पाहावे. पाट्यावरील चिखल धुऊन, तारेच्या ब्रशने साफ करून मेन पाट्याच्या डोळ्याजवळ व यू-बोल्टजवळ बारीक तडा आहे का, हे उजेडात तपासावे.

४. खरा मान्य भार किती?

नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचे रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन दिलेले असते. समजा, एकूण वजन २,९०० किलो व रिकामे वजन १,६५० किलो आहे. फरक १,२५० किलोचा येतो. परंतु तेवढा माल भरता येत नाही. चालक व सोबतचा माणूस मिळून १३० किलो धरावेत. नंतर बसवलेली लोखंडी जाळी, उंच केलेल्या बाजू व ताडपत्रीचा सांगाडा मिळून १२० किलो असतील, तर मालासाठी १,००० किलो उरतात, म्हणजे ५० किलोचे २० कट्टे. पंचविसावा कट्टा टाकताना "गाडी सव्वा टनाची आहे" हा हिशेब म्हणूनच चुकतो.

पाण्याच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १,००० लिटरची टाकी भरली की टाकीच्या स्वतःच्या वजनाखेरीज १,००० किलो भार होतो. मराठवाड्यात २०१२-१३ व २०१५-१६ च्या टंचाईत अनेकांनी फळबागा टँकरच्या पाण्यावर जगवल्या. अशा वेळी लहान गाडीवर मोठी टाकी ठेवण्याचा मोह होतो. टाकी अर्धवट भरलेली असेल तर वळणावर पाणी एका बाजूस धावते आणि गाडीचा तोल जातो. म्हणून लहान टाकी पूर्ण भरून न्यावी.

५. एक बिनखर्ची उपाय: मालाची मांडणी

बैलगाडी भरताना आपल्या वडीलधाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे येते. पिकअपलाही हाच नियम लागू आहे.

पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २८० सें.मी. आणि माल १,००० किलो धरू. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या २० सें.मी. पुढे असेल तर मागच्या ॲक्सलवर सुमारे ९३० किलो व पुढच्यावर ७० किलो भार येतो. हाच मध्य ॲक्सलच्या ३० सें.मी. मागे गेला तर मागच्या ॲक्सलवर सुमारे १,१०७ किलो येतात आणि पुढच्या ॲक्सलवरील १०७ किलो कमी होतात. माल तेवढाच असूनही मागच्या पाट्यांवर सुमारे १८० किलोंचा, म्हणजे साडेतीन कट्ट्यांचा फरक पडतो. शिवाय पुढची चाके हलकी झाल्याने स्टिअरिंगची पकड सुटते.

म्हणून जड कट्टे केबिनला लागून ठेवण्यास सुरुवात करावी आणि हलका माल फाळक्याकडे ठेवावा. फाळका उघडा ठेवून त्यावर माल रचू नये. उसाचे बेणे बाहेर लोंबेल असे भरू नये. कित्येक गाड्यांची "बसण्याची" तक्रार एवढ्यानेच कमी होते.

६. उंच करण्याच्या पद्धती

अ) नवीन मूळ संच बसवणे : पाटे थकले असल्यास हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. मूळ मापाचा व तितक्याच पाट्यांचा संच दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवावा. एका बाजूला नवा व दुसऱ्या बाजूला जुना संच ठेवल्यास गाडी कलते. खर्च जास्त असला तरी गाडीची मूळ रचना कायम राहते.

आ) पाट्यांना पुन्हा कमान देणे : पाटे काढून ठोकून किंवा दाबयंत्रावर पुन्हा वाकवले जातात. खर्च कमी येतो. परंतु पाट्याचे पोलाद विशेष प्रकारचे असते. त्याला सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि नंतर साधारण ४०० ते ५०० अंशांना पुन्हा तापवून त्याची लवचीकता राखतात. भट्टीत लाल करून वाकवलेला व तसाच थंड होऊ दिलेला पाटा मऊ पडतो आणि एका हंगामात पुन्हा बसतो. पाण्यात विझवलेला पाटा ठिसूळ होऊन तुटण्याची भीती असते. म्हणून कारागीर पाटे गरम करून वाकवतो की थंड, आणि गरम करीत असल्यास पाणी देण्याची पद्धत कोणती, हे विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास काम देऊ नये. तडा गेलेल्या पाट्याला कमान देऊ नये, तो बदलावा.

इ) जादा पाटा वाढवणे : मेन पाट्याखाली कमान असलेला एक पाटा वाढवला तर उंची व ताठपणा दोन्ही वाढतात. परंतु रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या गाडीला धक्के जास्त बसतात. टोमॅटो, द्राक्षे, अंडी, दुधाचे कॅन अशा मालाची नासाडी होते, चालकाची कंबर दुखते आणि रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावताना मागून उडते. ज्यांची गाडी जवळजवळ रोज मान्य भाराने भरून चालते त्यांनीच याचा विचार करावा. जाडी शेजारच्या पाट्याइतकीच ठेवावी.

ई) हेल्पर पाटा : हा खाली, जवळजवळ सरळ बसवला जातो. रिकाम्या गाडीची चाल फारशी बदलत नाही आणि भार आल्यावर आधार मिळतो. कधी भाजीपाला तर कधी खत अशी मिश्र वाहतूक असणाऱ्यांना हा प्रकार अधिक सोयीचा आहे. याने रिकाम्या गाडीची उंची वाढत नाही, आणि बहुतेक वेळा ती वाढवण्याची गरजही नसते.

उ) ॲक्सल व पाटा यांच्यामध्ये ठोकळा : जेवढा ठोकळा तेवढी गाडी उंच होते, ५ सें.मी.च्या ठोकळ्याने ५ सें.मी. उंची मिळते. ताठपणा मात्र वाढत नाही. उंच ठोकळ्यामुळे जोरात ब्रेक लावताना किंवा चढावर ओढताना ॲक्सल पाट्याला पिळतो आणि पाटा नागमोडी वाकतो. एकावर एक ठोकळे ठेवणे, लाकडी ठोकळा वापरणे किंवा घरी कापलेला लोखंडी तुकडा घालणे अत्यंत धोक्याचे आहे. ठोकळा निसटला तर मागचा ॲक्सल जागेवरून सरकतो. मालवाहू गाडीसाठी ही पद्धत आम्ही सुचवीत नाही.

ऊ) लांब शॅकल : शॅकल ४ सें.मी. लांब केली तर गाडी साधारण २ सें.मी. उंच होते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते. ॲक्सलचा गोळा मात्र तिरका होतो आणि गाडी बाजूला झोके घेते. स्वस्त दिसणारा हा उपाय भार वाहणाऱ्या गाडीस योग्य नाही.

ए) रबरी किंवा हवेचे फुगे : ॲक्सल व चॅसी यांच्यामध्ये बसवलेल्या फुग्यात भारानुसार हवा भरता येते. रिकाम्या गाडीत चाल मऊ राहते. परंतु दोन्ही बाजूंचा दाब नियमित तपासावा लागतो, नळी घासून फुटू शकते आणि तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती सहज मिळत नाही. नाजूक माल नियमित दूरच्या बाजारपेठेत नेणाऱ्यांनी विचार करण्यासारखा हा पर्याय आहे. भरलेला पक्का रबरी ठोकळा त्यापेक्षा स्वस्त व टिकाऊ असतो. तो भार आल्यावरच काम करतो.

७. उंचीबरोबर आणखी काय बदलते?

ब्रेक : ही सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. बऱ्याच पिकअप गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ चॅसीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी बसली की दांडी वळते व व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच असली की "गाडी रिकामी आहे" असे समजून तो दाब कमी करतो. पाटे वाढवून मागची बाजू उचलली आणि दांडी जुळवली नाही, तर पूर्ण भरलेल्या गाडीतही व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजतो. मागचे ब्रेक अपुरे लागतात, सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो आणि गाडी थांबण्यास जास्त अंतर लागते. उंची बदलल्यास अधिकृत कार्यशाळेतच ही दांडी जुळवून घ्यावी. ती काढून टाकणे किंवा तारेने बांधणे हा गुन्ह्यासारखाच निष्काळजीपणा आहे.

ब्रेकची नळी व शॉकअब्सॉर्बर : गाडी जॅकवर उचलून चाके पूर्ण खाली लोंबू द्यावीत. या स्थितीत ब्रेकची रबरी नळी ताणली जात असेल किंवा शॉकअब्सॉर्बर पूर्ण ओढला जात असेल तर उंची जास्त झाली आहे.

प्रोपेलर शाफ्ट : ॲक्सल व गिअरबॉक्स यांतील कोन वाढल्यास ठरावीक वेगाला थरथर जाणवते आणि क्रॉस लवकर झिजतो.

स्टिअरिंग : मागची बाजू ५ सें.मी. उचलली की गाडी सुमारे एक अंश पुढे झुकते. स्टिअरिंग हलके लागते, पण गाडी सरळ रेषेत राहण्याची ओढ कमी होते. महामार्गावर ट्रक शेजारून गेल्यावर हे जाणवते.

दिवे : मागची बाजू १० सें.मी. बसली तर २५ मीटर अंतरावर दिव्याचा झोत सुमारे ९० सें.मी. वर जातो. दुचाकीवाला क्षणभर आंधळा होण्यास एवढे पुरेसे आहे. बऱ्याच गाड्यांत दिव्यांची पातळी खाली-वर करण्याची कळ असते. भरलेल्या गाडीत ती वापरावी. पाट्यांच्या कामानंतर दिवे पुन्हा जुळवून घ्यावेत.

तोल : खत जड पण बसके असते, कापूस हलका पण उंच रचला जातो. उंच केलेल्या गाडीत उंच रचलेला माल लवकर कलंडतो. गुरुत्वमध्य एक मीटर उंचीवर असताना तो आणखी १० सें.मी. वर गेला तर गाडी कलंडण्याचा उतार सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होतो. कालव्याच्या भरावावरील अरुंद रस्त्यावर, ओल्या कडेला, हा फरक गाडी कालव्यात जाण्यास पुरेसा ठरू शकतो. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत हौद्यात मजूर उभे करून नेले जातात. उभी माणसे हा सर्वांत उंच व हलता भार आहे. मालवाहू गाडीतून अशी माणसे नेण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि उंच केलेल्या गाडीत तर तो विचारही करू नये. आपल्या शेतावर येणाऱ्या आयाबहिणींच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

८. कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेशी विसंगत बदल मान्य नसल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद कायद्यात आहे. क्षमतेपेक्षा जास्त माल आढळल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये अशी तरतूद असून जादा माल उतरवून घ्यावा लागतो.

मूळ मापाचे पाटे बदलणे ही दुरुस्ती आहे. त्यात अडचण नाही. यापलीकडील कोणतेही काम करण्यापूर्वी अधिकृत विक्रेत्याकडे व परभणीच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला कळवावे. न कळवता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

९. निवड कशी करावी?

रिकामी गाडी बसलेली : मूळ मापाचा नवीन संच. पाटे निर्दोष असल्यास व खात्रीचा कारागीर असल्यास पुन्हा कमान.
एका बाजूस कललेली : तुटलेला पाटा, सेंटर बोल्ट किंवा बुश बदलणे.
मान्य भारावर बसणारी, मिश्र वाहतूक : आधी मालाची मांडणी सुधारावी, नंतर हेल्पर पाटा.
रोज पूर्ण मान्य भार : चौकशी व परवानगीनंतर समान जाडीचा एक जादा पाटा.
नाजूक मालाची दूरची वाहतूक : हवेचे फुगे किंवा रबरी आधार.
क्षमतेपेक्षा जास्त भार : पाट्यांना हात लावू नये. दोन फेऱ्या कराव्यात किंवा मोठी गाडी भाड्याने घ्यावी.
चिखलात घासणारी : टायर व पांदण सुधारावी.

१०. काम करून घेताना

जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. संचाची जाडी बदलल्यास योग्य लांबीचे नवीन घ्यावेत. गाडी चाकांवर उभी असताना यू-बोल्ट आडव्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो व ॲक्सल तिरका होतो. पाट्यावर वेल्डिंग करू नये, छिद्र पाडू नये. काम झाल्यावर पूर्वीची सर्व मापे पुन्हा घेऊन वहीत लिहावीत. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात, आधी रिकामी व नंतर मान्य भाराने ब्रेक लावून पाहावे. गाडी एका बाजूस ओढली जात असेल तर तशीच वापरू नये.

सारांश

शेतकरी बंधूंनो, गाडीची मागची बाजू खाली गेली की ती आपल्याशी बोलत असते. कधी ती म्हणते, पाटे थकले; कधी म्हणते, माल मागे रचला; आणि बहुतेक वेळा म्हणते, ओझे जास्त झाले. तिला उंच करून गप्प करण्यापूर्वी वजनकाट्यावर एकदा न्यावी आणि टेपने चार मापे घ्यावीत. थकलेले पाटे मूळ मापाने बदलावेत, गरज असल्यास हेल्पर पाट्याचा आधार घ्यावा, ब्रेकची दांडी व दिवे विसरू नयेत. एका फेरीचे डिझेल वाचवण्यासाठी पाच कट्टे जास्त टाकण्यात जो फायदा दिसतो, तो एका तुटलेल्या पाट्यात किंवा एका अपघातात कायमचा जातो. सोयाबीनचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, पोळ्याच्या सुमारास, बैलांबरोबर गाडीचीही तपासणी करून घेतल्यास पुढचा हंगाम निर्धोक जाईल.